व्हॉल्व्ह गेला की जोड गेला?

(द्वितीय वर्ष, कला)

शीर्षक वाचून कोणी हा लेख चुकून विज्ञान शाखेच्या पानांतून इकडे आला असे समजू नये. लेखक कला शाखेचाच आहे व इतिहास हा त्याचा विषय आहे. परंतु गेली दीड वर्षे संध्याकाळचे दोन तास मी एका निवृत्त गृहस्थांच्या माडीवर घालवितो. ते परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत. जगात यांना ‘हॅम’ म्हणतात. केंद्र सरकारची परीक्षा द्यावयाची, परवाना मिळवावयाचा, ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे आपले नाव घ्यावयाचे आणि स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या दुसऱ्या हौशी माणसांशी बोलावयाचे, असा हा छंद. धंद्याचे बोलणे त्यावर करता येत नाही. मी अजून परीक्षा दिलेली नाही. सामान उचलणे, तारा सोलणे, वहीत आकडे लिहिणे, एवढाच माझा अधिकार. त्यांना मी काका म्हणतो.

मोबाईल खिशात असताना हा उपद्व्याप कशाला, असे मित्र विचारतात. त्यांना मी २०१९ च्या ऑगस्टची आठवण देतो. कृष्णेचे पाणी आमच्या गावात शिरले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वीज गेली, आणि चार्जिंग संपल्यावर घरातले मोबाईल म्हणजे नुसत्या काचेच्या पाट्या झाल्या. आजी दुसऱ्या गावी होती; ती सुखरूप आहे हे कळावयास आम्हांला तीन दिवस लागले. बॅटरीवर चालणारे आणि मधल्या कोणत्याही टॉवरवर न विसंबणारे यंत्र मी प्रथम काकांकडे पाहिले, तेव्हा मला ते तीन दिवस आठवले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम महिला आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरलाच होत्या आणि त्यांच्या यंत्रावरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले, ही हकीकत काका दर पावसाळ्यापूर्वी एकदा तरी सांगतात.

असो. आता मूळ गोष्टीकडे वळतो.

काकांच्या लहान यंत्रातून निघणारी शक्ती कमी पडली तर ती वाढविण्यासाठी त्यांनी स्वतः बांधलेला एक ॲम्प्लिफायर आहे. त्यात काचेचा एक मोठा व्हॉल्व्ह बसविला आहे. त्याची जात ‘थ्री-फाइव्हहंड्रेड-झेड’. आपल्या आजोबांच्या रेडिओत अंगठ्याएवढे व्हॉल्व्ह असत. हा सुमारे वीतभर उंच आहे. पेटला की माडीवर पिवळसर उजेड पडतो.

याचे काम समजावयास पाटाचे दार डोळ्यांसमोर आणावे. कालव्यात पाणी पुष्कळ असते, पण किती सोडावयाचे ते लहानशा दारावर ठरते. व्हॉल्व्हमध्ये तळाशी एक तंतू असतो. तो विजेने तापून पांढरट पिवळा झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. वरच्या टोपीला जोडलेल्या ॲनोडवर अडीच-तीन हजार व्होल्टचा ताण असतो. तो त्यांना ओढतो. मध्ये जाळी असते, तेच पाटाचे दार. लहान यंत्रातून आलेला दुबळा संदेश या दाराची उघडझाप करतो आणि बाहेर तोच संदेश पुष्कळ पटीने जोरदार होऊन पडतो. मात्र तंतू पुरेसा तापला नाही तर कालव्यातच पाणी नाही. मग दार कितीही हलवा.

यंदा मार्चमध्ये या ॲम्प्लिफायरने खोडी काढली. सुरू केला की उत्तम चाले. दहा-पंधरा मिनिटे बोलणे झाले की मीटरचा काटा हळूहळू खाली येई. बंद करून अर्ध्या तासाने लावला की पुन्हा ठीक. काकांची दृष्टी आता अधू झाली आहे. व्हॉल्व्हकडे नीट पाहून सांग, म्हणाले. मी जाळीच्या खिडकीतून पाहिले. काटा खाली आला की तंतूचा उजेडही मंद झालेला दिसे. मी ऐटीत निर्णय दिला, “काका, व्हॉल्व्ह गेला.”

नव्या व्हॉल्व्हची किंमत त्यांनी विचारून घेतली. ती माझ्या वर्षाच्या फीपेक्षा कितीतरी जास्त होती. काका पेन्शनीवर राहणारे. तरी त्यांनी, पावसाळ्यापूर्वी यंत्र तयार पाहिजे, म्हणून पैशांची जुळवाजुळव सुरू केली. माझ्या एका वाक्यावर हे सगळे चालले होते, आणि ते वाक्य चुकीचे होते.

ते चुकीचे का, हे थोडा विचार केला असता तर तेव्हाच कळले असते. म्हातारा झालेला व्हॉल्व्ह बहुधा पहिल्यापासून दुबळा असतो. त्याच्या तंतूचा उजेड मात्र कमी होत नाही, कारण तंतूला मिळणारी वीज तीच असते. त्यातून इलेक्ट्रॉन सुटण्याचे प्रमाण घटलेले असते. येथे उजेडच कमी होत होता. म्हणजे तंतूपर्यंत वीज पोहोचत नव्हती. आणि ती वेळ गेल्यावर, यंत्र तापल्यावर पोहोचेनाशी होत होती.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते माझ्या वडिलांनी. ते वायरमन आहेत. शाळा सातवीपर्यंत झाली. एका रविवारी मला ज्वारीचे पीठ व लोणचे द्यावयास आले आणि मला शोधत माडीवर आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा झाला. वडिलांनी त्या पेटाऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि एकच विचारले, “तापतंय कुठं?”

आम्ही दोघांनीही हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. सगळेच तापते, असे आम्ही धरून चाललो होतो. पाचशे वॅटपर्यंतची उष्णता ॲनोडवर सोसणारा हा व्हॉल्व्ह. भरपूर काम करताना त्याचा ॲनोड लालसर दिसणे हेही नेहमीचेच. अशा धगीत एखादा जोड अधिक तापला तर तो लक्षात कसा यावा?

वडील म्हणाले, “आरं, सैल जोड म्हंजे चुलीवरचं भांडं. त्यो तापणारच. दोन तारा एकाच कामाच्या असत्याल तर एक गार अन् एक ऊन हाय का, एवढं बघ.”

या साध्या बोलण्यात खरी युक्ती आहे. या व्हॉल्व्हला खाली पाच पिना असतात. मधल्या तीन जाळीच्या. पहिली आणि पाचवी तंतूच्या. एकीतून गेलेली वीज दुसरीतून परत येते, म्हणजे दोहोंतून अगदी तितकीच धारा वाहते. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच तापावयास हव्यात. एक बाजू अधिक तापली तर दोष त्या बाजूच्या जोडात आहे. त्यासाठी थर्मामीटरही लागत नाही.

येथे सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. तीन हजार व्होल्ट हा घरातल्या बटनाचा झटका नव्हे. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरांत तो साठून राहतो. ते रिकामे करणारे रोधक बसविलेले असतात, पण तेच जळालेले असले तर? म्हणून काका प्रथम प्लग उपसून स्वतःच्या खिशात ठेवतात, काही मिनिटे थांबतात, मीटरचा काटा शून्यावर आलेला पाहतात आणि तरीही लाकडी काठीच्या टोकाला बसविलेला, जमिनीच्या तारेशी जोडलेला आकडा त्या जागी टेकवतात आणि काम संपेपर्यंत तेथेच राहू देतात. घरात दुसरे माणूस नसेल तर पेटाऱ्याचे झाकण उघडावयाचे नाही, हा त्यांचा नियम. मी पहिल्या महिन्यात एकदा घाईने हात घालू लागलो होतो, तेव्हा त्या शांत माणसाने माझ्या मनगटावर काठीच मारली होती.

हे सर्व सोपस्कार झाल्यावर वडिलांनी सॉकेटपासून चार बोटे अंतरावर दोन्ही तारांना बोट लावले. पाचव्या पिनेकडची तार ऊन होती, तिचे वेष्टन तपकिरी पडून कडक झाले होते. पहिलीची तार कोमट. आणि खालच्या पत्र्यावर, धुळीत, मोहरीएवढा एक चकचकीत मणी पडला होता. काकांनी तो भिंगाखाली धरला. तो सोल्डरचा थेंब होता. पिनेतून वितळून गळलेला!

आता यामागचे गणित सांगतो. दहावीच्या विज्ञानात आपण ज्यूलचा नियम पाठ केला होता: उष्णता ही धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. परीक्षेनंतर तो मी विसरलो होतो. घरी पाणी तापविण्याचा दीड हजार वॅटचा रॉड असतो. तो सुमारे साडेसहा अँपिअर धारा घेतो, आणि त्याचा प्लग सैल असला तर काळा पडतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. व्हॉल्व्हचा तंतू अवघा बहात्तर वॅटचा. ऐकावयास किती गरीब! पण तो पाच व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला सुमारे साडेचौदा अँपिअर लागतात, रॉडच्या दुपटीहून जास्त. वॅटवरून धारेचा अंदाज करणारा येथे फसतो. मीही फसलो होतो.

दुसरी गोष्ट अशी की, पाच व्होल्टला साडेचौदाने भागले तर तापलेल्या तंतूचा रोध ओहमच्या एक-तृतीयांशाएवढाच येतो. अशा वेळी जोडात ओहमचा विसावा भाग रोध आला तरी तो तंतूच्या मानाने लहान नाही. धारा किंचित घटते ते सोडून दिले, तर त्या एका जोडात सुमारे दहा वॅट उष्णता तयार होते. दुकानातले लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे असते. म्हणजे निम्म्याजवळ जाणारे आयर्न सॉकेटच्या पोटात कायमचे लावून ठेवल्यासारखे झाले. घरातल्या २३० व्होल्टांत अर्धा व्होल्ट कमी झाला तर दिवाही हसणार नाही. पाच व्होल्टांत अर्धा गेला म्हणजे दहावा हिस्सा गेला. या व्हॉल्व्हला तर पिनांवर पावणेपाचच्या खाली आणि सव्वापाचच्या वर व्होल्ट चालत नाहीत.

मग हा रोध मीटरने ओहमवर का मोजू नये? मी तो प्रयत्न केला. मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकविल्या तरी तो काही दशांश ओहम दाखवितो. त्यात विसावा भाग कोठे दिसणार? म्हणून उलटे करावे लागते. धारा वाहू द्यावी आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे किती व्होल्ट नाहीसे होतात ते पाहावे. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच हरवतात.

पुढच्या रविवारी वडील आपला क्लॅम्प मीटर घेऊन आले. तारेभोवती चिमटा धरला की धारा कळते. काकांनी उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरची तार मुळातच सोडवून बाजूला बांधली. फक्त तंतू आणि पंखा चालू ठेवला. (पंख्याशिवाय तंतूही पेटवू नये.) वीस मिनिटे थांबलो, कारण दोष तापल्यावरच दिसत होता. मग मी एकेक जागी काड्या टेकवीत गेलो आणि वडील पेन्सिलीने वहीत लिहीत गेले. ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर ५.२ व्होल्ट. तेथून तारा एका काळ्या फेराइटच्या कांडीभोवती गुंडाळलेल्या चोकमधून जातात. या ॲम्प्लिफायरात रेडिओचा संदेशही तंतूलाच देतात. तो उलटा ट्रान्सफॉर्मरकडे जाऊ नये म्हणून हा चोक. तेथे एकूण ०.१५ व्होल्ट गेले, ते ठीक. सॉकेटच्या टोकापासून पहिल्या पिनेपर्यंत २० मिलिव्होल्ट. सॉकेटच्या टोकापासून पाचव्या पिनेपर्यंत ४०० मिलिव्होल्ट!

वडिलांनी आकडा पुन्हा मोजावयास लावला. तोच आला. क्लॅम्प मीटर १४ अँपिअर दाखवीत होता. चारशे मिलिव्होल्ट गुणिले चौदा, म्हणजे साडेपाच वॅटहून जास्त, सॉकेटच्या एका इवल्याशा पट्टीत. पिनांवर उरले होते ४.६३ व्होल्ट. तंतू मंद का होत होता ते कळले. मी घाबरत म्हटले, ट्रान्सफॉर्मरचे टोक बदलून व्होल्ट वाढविले तर? काका म्हणाले, “वाढव की. जोडातली धारा वाढेल, जोड आणखी तापेल, आणि आठ दिवसांनी पुन्हा वाढवायला ये.”

हे चक्र कसे सुरू होते तेही पाहण्यासारखे आहे. सॉकेटमध्ये पिनेला धरणारी पट्टी स्प्रिंगसारखी असते. धुळीने पंख्याची जाळी अर्धी बुजली होती, त्यामुळे खालून वर जाणारी हवा कमी झाली. पट्टी तापली. तापलेल्या धातूवर काळा थर चढतो, तो वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून ती अधिक तापली. फार तापली की स्प्रिंगचा ताठपणा जातो, पकड सैल होते, रोध वाढतो. शेवटी उष्णता पिनेतून आत शिरते. पिना पोकळ असतात. काचेतून आलेली तार पिनेत उतरते आणि टोकाशी सोल्डरने पक्की केलेली असते. नेहमीचे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांपासून मऊ होऊ लागते. या व्हॉल्व्हच्या तळाचे तापमान २०० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. म्हणजे मर्यादेच्या आतसुद्धा साधे सोल्डर भरवशाचे नाही. तो मणी तेच सांगत होता.

दुरुस्तीतही मी एक चूक केली. पट्टी चिमट्याने दाबून घट्ट केली आणि यंत्र दोन दिवस छान चालले. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा खाली. ताठपणा गेलेली पट्टी दाबल्याने स्प्रिंग होत नाही. शेवटी काकांच्या भंगाराच्या पेटीत एक जुने सॉकेट निघाले, त्याच्या पट्ट्या अजून कडक होत्या. ते बसविताना पट्ट्यांना थोडे हलावयास वाव ठेवावा लागतो, नाही तर पिना ताणल्या जाऊन काचेला तडा जातो. जुन्या तारेचे जळके टोक कापले. नव्या टोकाला भांड्याला कल्हई करतात तसा सोल्डरचा पातळ हात दिला आणि मग जोडले. कल्हईला नवसागर वापरतात. येथे तो मुळीच चालत नाही, मागाहून धातू खातो. राळ वापरावी. चोकच्या तारेवर वार्निश असते. ते खरवडून तांबे लख्ख दिसेपर्यंत जोड करू नये, हेही काकांनी सांगितले. आमचा तो जोड चांगला होता.

पिनेत सोल्डर भरण्याचे काम काकांनी स्वतः केले. मी व्हॉल्व्ह मऊ फडक्यात धरून बसलो होतो आणि माझ्या हातांना घाम सुटला होता. जास्त शिशाचे, सुमारे ३०० अंशांना वितळणारे सोल्डर त्यांनी जपून ठेवले होते. मोठे आयर्न घेऊन, झटपट, एका वेळी एकच पीन. मग पूर्ण गार होईपर्यंत थांबावयाचे, म्हणजे काचेच्या सांध्याला धक्का बसत नाही. बाहेर राहिलेला फुगवटा कानशीने घासून काढला, नाही तर जाड झालेली पीन नव्या पट्टीलाही ताणून सैल करते.

वरची टोपीही त्याच वेळी पाहिली. तेथे दोष वेगळ्या जातीचा असतो. रेडिओच्या वेगाने बदलणारी वीज तारेच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जाते. १४ मेगाहर्ट्झला तांब्यात ती मुख्यतः मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या भागाएवढ्या थरातच असते. म्हणून आत धातू कितीही जाड असला तरी वरचा थर काळा पडला तर जोड तापतो. शिवाय ॲनोडची उष्णता वाहून नेण्याचे कामही त्या पाकळ्यांच्या टोपीकडेच असते. तिचा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला. घासून, पुसून, आवळला. आवळताना टोपीला पीळ देऊ नये.

आता तापमान मोजावयास लांबून रोखण्याची इन्फ्रारेड बंदूक मिळते. २०२० मध्ये कोरोनात प्रत्येक दारावर तिचे भावंड होते. कपाळाचा ताप पाहणारी येथे चालत नाही, कारखान्यातली लागते. आणि तीही चकचकीत धातूवर फसते, खऱ्यापेक्षा पुष्कळ थंड दाखविते. मोजावयाच्या जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्यावा, मग आकडा विश्वासाचा येतो. आम्ही एक उसनी आणून बंद केल्याबरोबर दोन्ही बाजू पाहिल्या. सारख्या निघाल्या.

नवे सॉकेट बसविल्यानंतर त्याच ठिकाणी, वीस मिनिटे तापवून, पुन्हा मोजले: पहिली पीन २० मिलिव्होल्ट, पाचवी २५. पिनांवर ५.० व्होल्ट. त्या रात्री काका पाऊण तास बोलले आणि काटा हलला नाही. व्हॉल्व्ह जुनाच आहे. बोलणे संपल्यावर पाच मिनिटे पंखा चालू ठेवावयाचा आणि महिन्यातून एकदा त्याची जाळी झाडावयाची, ही दोन कामे माझ्याकडे आली आहेत. वहीच्या त्या पानावर वडिलांच्या अक्षरातले आकडे आहेत. ‘मिलिव्होल्ट’ हा शब्द त्यांनी मला विचारून लिहिला. मे महिन्यात तीच मापे पुन्हा घ्यावयाची आहेत. क्लॅम्प मीटर त्यांना कामावर लागतो म्हणून ते परत घेऊन गेले, तेव्हा या वेळी फक्त व्होल्ट मोजता येतील.